एक झाड, एक झाड, एक झाड

पहिला दिवस : ग्योटिंगन

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकत होते तेव्हाची एक दोनशे पानी वही माझ्याकडे अजून आहे. डावीकडे जर्मन शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. त्यातलं एक पान असं आहे : लिंडे – एक झाड. एशे – एक झाड. एर्ले – एक झाड (नदीकाठी?). उल्मे – एक झाड. बूखे – एक झाड, मोठे. 'मोठे' का लिहिलं असेन कोण जाणे, लिंडे काही लहान नसते. पुढे तीस वर्षं शिकवण्या केल्या, अधूनमधून गोष्टी भाषांतरित केल्या, आणि ही झाडं आली की दर वेळी हातचलाखी केली. एका गोष्टीत गावच्या चौकातल्या लिंडेचा मी सरळ पिंपळ करून टाकला होता. कोणी विचारलं नाही, पण मला ते खुपत राहिलं.

त्यामुळे भाचीने "मावशी, ऑक्टोबरात ये, थंडी बेताची असते" असं म्हटल्यावर मी अट घातली. राजवाडे नकोत, चर्चं नकोत, झाडं दाखव.

"झाडं? मला इथली दोनच ओळखता येतात. ख्रिसमसचं आणि बाकीची."

तिची ही वर्गवारी तशी शास्त्रशुद्धच म्हणायची. जर्मन माणूसही आधी दोनच ढीग करतो : नाडेलबाउम आणि लाउबबाउम. नाडेल म्हणजे सुई, लाउब म्हणजे पाला. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात सूचिपर्णी आणि रुंदपर्णी असतात, पण ते परीक्षेपुरते. एरवी कोणाच्या तोंडी 'रुंदपर्णी' आलेलं मी ऐकलं नाही. इथे मात्र सुईचं झाड आणि पाल्याचं झाड हे शब्द शेंबड्या पोराच्याही तोंडात असतात. आणि लाउब म्हणजे पालाच हं, पान नव्हे. एकटं पान असेल तर ते ब्लाट. कागदाचा तावही ब्लाट, आणि इथल्या वर्तमानपत्राच्या नावातही 'टागेब्लाट' आहेच. झाडाचं पान, वहीचं पान. हा एक शब्द मला कधी पाठ करावा लागला नाही.

सामान टाकलं आणि दुपारीच तटावर गेलो. ग्योटिंगनच्या जुन्या गावाभोवती मातीचा तट आहे, त्यावर आता फिरायची वाट केली आहे. पुरी फेरी मारली तर तीनेक किलोमीटर. १८३३ मध्ये विद्यार्थी असताना बिस्मार्क इथल्या एका चिमुकल्या घरात राहायचा, ते घर अजून आहे. भाचीने ते दाखवलं, मी हं म्हटलं. माझं लक्ष वर होतं. वर सगळ्या लिंडे.

एक फांदी हाताशी आली. पान हृदयाच्या आकाराचं, पण पिंपळासारखी लांब शेपटी नाही, टोक जरासं ओढलेलं, आणि कडेला बारीक दाते. पान उलटं केलं. मधल्या शिरेला आडव्या शिरा जिथे फुटतात तिथे, बरोबर काखेत, तांबूस लवेचे बारके झुपके होते. म्हणजे ही विंटरलिंडे, हिवाळी. झुपके पांढुरके असते तर झोमरलिंडे, उन्हाळी. हिवाळीला हिवाळ्यात फुलं येतात असं मात्र नाही. दोघीही उन्हाळ्यातच फुलतात, ही फक्त दोनेक आठवडे मागून.

दोघी म्हणते आहे, कारण जर्मनमध्ये झाड पुरुष असलं (डेर बाउम) तरी झाडांची नावं बहुतेक बायकांची. ती लिंडे, ती बूखे, ती बिर्के. आहोर्न म्हणजे मेपल, तो मात्र पुरुष. इंग्रजीवरून जर्मनकडे आलेली मुलं या लिंगांपुढे रडकुंडीला येतात. तो वड, ती चिंच, ते झाड असं म्हणत वाढलेल्या माणसाने कशाला रडायचं?

जुन्या काळी गावोगावच्या लिंडेखाली पंचायत भरायची, न्यायनिवाडा व्हायचा. अशा झाडाला गेरिश्ट्सलिंडे, न्यायाची लिंडे, म्हणत. सणासुदीचे नाचही तिच्याच खाली. थोडक्यात, पार. हृदयाच्या आकाराचं पान आणि खाली पार! भाचीला म्हटलं, "म्हणजे माझा पिंपळ तसा चुकला नव्हता."

"फिटलं ना पाप? मग घरी चल, गारठले मी."

परतताना उतारावर चेस्टनट पडलेले दिसले. तुकतुकीत, गडद तपकिरी, एका बाजूला फिकट टिकली. कोणी उचलतही नव्हतं. मी ओढणीचा ओचा केला आणि किलोभर गोळा केले. घरी येऊन एकेकाला सुरीने चीर देत बसले, ओव्हन तापत ठेवला. एवढ्यात खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई किल्ली द्यायला वर आल्या. माझ्या पुढ्यातला ढीग पाहून त्या "नाइन, नाइन, नाइन!" म्हणत अशा धावल्या की माझ्या हातातली सुरीच पडली. खायची ती एसकास्तानिए. तिचं कवच साळिंदरासारखं दाट काट्यांचं, आणि आतल्या फळाला टोकाशी शेंडी. माझी होती रोसकास्तानिए : कवचाला चार-दोन बोथट काटे, फळाला शेंडी नाही, आणि माणसाला विषारी. मुलं तिला काड्या टोचून बाहुले करतात, बस्स.

रोस म्हणजे घोडा. घोडनवरी, घोडचूक हे शब्द आठवत मी तो ढीग पुन्हा खाली नेऊन टाकला.

दुसरा दिवस : हाइनिशचं जंगल

आज आगगाडीने बाड लांगेनझाल्झा, तिथून बसने टीम्सबुर्ग. ट्युरिंगियातलं हाइनिश हे राष्ट्रीय उद्यान ३१ डिसेंबर १९९७ ला झालं. त्याआधी इथे लष्कराचे सराव चालत, त्यामुळे लाकूडतोड्यांचं आणि हॉटेलवाल्यांचं काही चाललं नाही. २०११ मध्ये जर्मनीतली बूखेची पाच जंगलं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली, त्यातलं हे एक.

बूखे म्हणजे बीच. सह्याद्रीतलं जंगल डोळ्यांत घेऊन आलेल्या माणसाला हे आधी जंगल वाटतच नाही. वेली नाहीत, करवंदाच्या जाळ्या नाहीत. खाली नुसता पाचोळा आणि त्यातून वर गेलेले राखाडी, गुळगुळीत खांब. हात लावला तर साल थंड आणि घट्ट. बूखे इतकी दाट सावली धरते की तिच्या पायाशी दुसरं फारसं काही उभं राहत नाही. सासूबाईच म्हणायच्या.

इथे जंगलाच्या माथ्यावरून चालायचा एक पूल केला आहे, बाउमक्रोनेनफाड. लाकडी वाट हळूहळू चढत झाडांच्या शेंड्यांत शिरते आणि ४४ मीटर उंच मनोऱ्याला जाऊन भिडते. एरवी मान मोडून बघावी लागणारी पानं इथे खांद्याला लागतात. माझ्यासारखीला हे वरदान. खाली राहिलं असतं तर मला नुसते खांब दिसले असते.

मी एक फांदी धरून भाचीला ऐटीत सांगितलं, "ही बघ बूखे." मागून एक आजोबा दुर्बीण गळ्यात अडकवून येत होते. त्यांनी थांबून अगदी नम्रपणे सांगितलं की ही हाइनबूखे आहे. मी म्हटलं, म्हणजे बूखेचाच प्रकार ना? तर नाही! नावात बूखे, पण कूळ बिर्केचं, म्हणजे बर्चचं. आजोबांनी दोन्हींची पानं तोडून माझ्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवली. बूखेचं पान कडेला जवळजवळ सपाट, जराशी लाट. हाइनबूखेचं पान पंख्यासारखं घड्या पडलेलं आणि कडेला करवतीचे दाते, मोठ्या दात्यांवर पुन्हा बारके दाते. "जीभ फिरवा हवं तर, फरक कळेल," ते म्हणाले. मी बोट फिरवलं. खोडही मग ओळखता आलं : बूखेचं गोल गुळगुळीत, हिचं पहिलवानाच्या दंडासारखं पिळदार.

यात जर्मनांना हसण्यात अर्थ नाही. आपली विलायती चिंच ना विलायतेची ना चिंच, आणि वेडी बाभूळ ही खरी बाभूळ नाही. माणूस ओळखीच्याचं नाव अनोळख्याला देतो, पुढे एखादं विशेषण चिकटवतो आणि मोकळा होतो.

हाइनबूखेचं लाकूड अतिशय कठीण आणि गाठाळ. तिचं जुनं नाव हागेबूखे, त्यावरून 'हानेब्यूखेन' असं एक विशेषण जर्मनमध्ये आहे. आधी अर्थ होता रांगडा, ओबडधोबड. आता अर्थ आहे : हद्द झाली! हा शब्द मी कित्येक वर्षं शिकवला, आणि त्याच्या पोटात झाड आहे हे आज कळलं.

आजोबा आमच्याबरोबरच चालत राहिले. शाळेत मास्तर असावेत. एक उंच झाड दाखवलं, शेंड्याकडच्या फांद्या बोडक्या. ती एशे, अ‍ॅश. पूर्व आशियातून आलेल्या एका बुरशीने युरोपभर एशे मरताहेत, कोवळे धुमारे वाळत जातात. या रोगाला त्यांच्याकडे एकच लांबलचक शब्द : एशेनट्रीबश्टेर्बेन. धुमारे मरण्याचं दुखणं. काही बूखेही वरून सुकलेल्या होत्या, २०१८ आणि २०१९ च्या दुष्काळाच्या खुणा. आजोबांनी त्यावर काही भाष्य केलं नाही. दुर्बीण पुसली आणि पुढे निघाले.

खाली उतरल्यावर बूखेची फळं वेचली, बूखएकर्न. चार पाकळ्यांत उकललेलं केसाळ कवच आणि आत तिधारी तपकिरी बिया. एक सोलून खाल्ली, चारोळीची आठवण झाली. दुसरी खाऊ दिली नाही; कच्च्या जास्त खाल्ल्या तर पोट बिघडतं म्हणे, आणि कालच्या घोडचुकीनंतर भाची सावध झाली होती. काही वर्षी ही फळं खंडोगणती पडतात. अशा सालाला मास्टयार म्हणतात. मास्ट म्हणजे डुकरांना खाऊ घालून पोसणं. पूर्वी शरदात गावची डुकरं जंगलात चरायला सोडत, म्हणून जंगलातल्या बहाराच्या वर्षाला डुकरांच्या जेवणावरून नाव पडलं.

तिथेच दोन ओक पाहिले. पुण्यात ओक म्हटलं की माणसं आडनाव समजतात, झाड म्हणून मी त्याला आज पहिल्यांदा हात लावला. जर्मनमध्ये आइशे, आणि मुख्य दोन : श्टीलआइशे आणि ट्राउबेनआइशे. श्टील म्हणजे देठ, ट्राउबे म्हणजे घोस. पहिलीची फळं लांब देठाला लोंबतात, दुसरीची काडीला चिकटून घोसाने बसतात. गंमत अशी की पानांचं उलट. देठवालीच्या पानाला देठ असून नसल्यासारखा आणि घोसवालीच्या पानाला चांगला लांब. मी दोन्ही टोपीवाली फळं शेजारी ठेवून फोटो काढले. १९८९ पासून जर्मनीत दर साली एक 'वर्षाचं झाड' निवडतात. पहिला मान श्टीलआइशेचा होता, दुसऱ्या वर्षी बूखे, तिसऱ्या वर्षी झोमरलिंडे. मानपानाचा क्रम लग्नातल्यासारखा चोख.

बसथांब्याजवळ वारा पडलेला होता, तरी एका झाडाची पानं सळसळत होती. एस्पे. तिला त्सिटरपापेल, थरथरणारी पॉप्लर, असंही म्हणतात. घाबरलेला माणूस 'एस्पेच्या पाल्यासारखा' कापतो, अशी जर्मन म्हण आहे. पानाचा देठ हातात घेतला तर तो दोन्ही बाजूंनी चपटा, म्हणून जाणवणारही नाही एवढ्या झुळकीनेही पान उलटसुलट होतं. आपल्याकडे हे काम पिंपळ करतो. संस्कृतात त्याला चलदल म्हणतात ते याचसाठी. म्हणजे माझा पिंपळ इथे दोघींत वाटला गेला आहे : पार लिंडेकडे, सळसळ एस्पेकडे. मग त्या गोष्टीत पिंपळ लिहिला तो बरोबर की चूक? बसमध्ये मी याच विचारात होते.

आणखी एक शब्दांची जोडी परतताना आठवली. जंगलाला जर्मनमध्ये वाल्ड म्हणतात आणि फोर्स्टही. वाल्ड आपोआपचं, फोर्स्ट राखलेलं, मोजलेलं, हिशेबातलं. आपल्याकडे हा फोर्स्ट जर्मन माणसानेच आणला. १८६४ मध्ये हिंदुस्थानच्या वनखात्याचा पहिला इन्स्पेक्टर जनरल झालेला डिट्रिश ब्रांडिस बॉनचा होता. फॉरेस्टवाला या शब्दाने आपल्या डोंगरातली माणसं अजून दचकतात.

तिसरा दिवस : पाऊस

सकाळपासून पाऊस. आपल्यासारखा धो धो नाही, कोणी कंटाळून चाळणीतून गाळत असल्यासारखा.

घरमालकीणबाईंनी दुपारी खाली बोलावलं, बहुधा पहिल्या दिवशी ओरडल्याची भरपाई. पुढ्यात जांभळं, गरम, आंबटगोड सूप ठेवलं आणि म्हणाल्या, "फ्लीडरबेरेनझुपे." मी चमचा हातातच धरून बसले. फ्लीडर म्हणजे लायलॅक, हे माझ्या वहीत आहे, आणि तिथे 'एक झाड' नाही, चक्क 'जांभळ्या सुवासिक फुलांचे झुडूप' असं सविस्तर आहे. लायलॅकला कसली आलीत खायची फळं? बाई हसल्या. त्या हांबुर्गकडच्या. त्यांच्याकडे होलुंडरला, म्हणजे एल्डरला, फ्लीडर म्हणतात. खाली बव्हेरियात त्यालाच होलर. एकच झुडूप, उत्तरेत एक नाव, मध्ये एक, दक्षिणेत तिसरं, आणि उत्तरेतलं नाव बाकी देशात भलत्याच झुडपाचं. फळं कच्ची खाल्ली तर मळमळतं, शिजवून मात्र छान. चव मला आमसुलाच्या साराच्या जवळची वाटली. जिरं हवं होतं.

होलुंडर दिसला की टोपी काढून नमस्कार करावा, अशी जुनी रीत बाईंनी सांगितली. घराजवळचं हे झुडूप तोडायचं नाही, तोडलं तर घरावर येतं. "तुम्ही काढता का टोपी?" मी विचारलं. "मी टोपी घालतच नाही," त्या म्हणाल्या, "पण तोडलंही नाहीये हो," आणि खिडकीतून मागच्या कुंपणाकडे बोट दाखवलं.

होलुंडरमधल्या शेवटच्या 'डर'मध्ये एक फार जुना शब्द लपला आहे. वाखोल्डर, म्हणजे जुनिपर, त्यातही तोच. मूळ अर्थ झाड. इंग्रजीतला ट्री, संस्कृतातला दारु आणि द्रु एकाच घरातले. आपल्या देवदारातला 'दार' आणि बाईंच्या कुंपणातला 'डर' चुलत भावंडं निघाली.

पाऊस जरा थांबल्यावर कुंपणाशी गेले. होलुंडरशेजारी एक झुडूप, अंगभर गुलाबी फळं. फळ जेमतेम बोटाच्या पेराएवढं, चार फुगीर कोन असलेलं, उकललं की आतून भडक नारिंगी बी लोंबतं. गुलाबी आणि नारिंगी, पैठणीत शोभावी अशी जोडी. नाव प्फाफेनह्यूटशेन. प्फाफे म्हणजे पाद्री, पण आदराने नव्हे, आपण 'भटुरडा' म्हणतो त्या सुरात. ह्यूटशेन म्हणजे चिमुकली टोपी. पाद्र्यांची चौकोनी टोपी डोळ्यांसमोर आणली की नाव पटतं. जर्मनमध्ये कशालाही 'शेन' लावलं की ते लहान होतं आणि नपुंसकलिंगी होतं. मराठीत टोपीचं टोपडं होतं तसंच. तर भटुरड्याचं टोपडं. विषारी आहे, हे यावेळी मी आधीच विचारून घेतलं.

संध्याकाळी लाइने नदीकाठी गेलो. तिथे एर्ले होत्या, पाण्यात पाय सोडून. म्हणजे वहीतला '(नदीकाठी?)' बरोबर होता, प्रश्नचिन्ह खोडायला हरकत नाही. एर्लेच्या नावावर भाषांतराचा एक नामी घोटाळा जमा आहे. डॅनिश लोकगीतात इटुकल्या पऱ्यांचा राजा होता, एलरकोंगे. हेर्डर या जर्मन लेखकाने ते जर्मनमध्ये आणताना 'एलर' म्हणजे एर्ले असं धरलं आणि राजा झाडाचा झाला, एर्लक्योनिश. पुढे १७८२ मध्ये गोएथेने त्याच नावाने कविता लिहिली आणि चूक अजरामर झाली. हे वाचल्यापासून मला माझ्या पिंपळाचं तितकं वाईट वाटत नाही.

याच गावात याकोप आणि विल्हेल्म ग्रिम हे भाऊ प्राध्यापक होते. १८३७ मध्ये राजाने घटना मोडली, त्याचा निषेध केला म्हणून नोकरी गेली. मग १८३८ मध्ये त्यांनी जर्मन शब्दकोश हाती घेतला. तो पुरा झाला १९६१ मध्ये. याकोप १८६३ मध्ये वारला तेव्हा तो एफ अक्षरापाशी होता आणि शब्द होता फ्रुख्ट. फ्रुख्ट म्हणजे फळ.

चौथा दिवस : गाड्या, गाड्या, गाड्या

बर्लिनची थेट गाडी होती, आरक्षण होतं, आम्ही वीस मिनिटं आधी फलाटावर होतो. गाडी रद्द. पुढची उशिरा, मग तीही रद्द. शेजारचा एक टाय लावलेला गृहस्थ फलकाकडे बघून दातओठ खात पुटपुटला, "हानेब्यूखेन!" मला इतका आनंद झाला की भाचीने मला कोपराने ढोसलं.

मग छोट्या छोट्या गाड्या बदलत निघालो. रुळांच्या मधल्या पडीक जागेत, खडीत, बिर्के उगवलेल्या. कोणी लावलेल्या नाहीत, बी उडून आलेलं. पांढरी साल, कागदासारखी आडवी सुटणारी. बिर्के आणि संस्कृत भूर्ज हा एकच शब्द आहे, हजारो वर्षांच्या वाटेवर दोन बाजूंना घसरत गेलेला. आपल्याकडे भूर्जपत्रावर पोथ्या लिहिल्या. जर्मनमध्ये पुस्तक म्हणजे बूख, आणि ते बूखेच्या फळ्यांवरून आलं असं परंपरेने सांगतात. भाषावाले त्यावर अजून भांडतात.

लाइपझिगला तासभर थांबलो. या गावाच्या नावाच्या मुळाशी स्लाव्ह भाषेतली लिपा, म्हणजे लिंडेच, आहे असं सर्वसाधारण मानतात. पिंपळगाव! स्टेशनवर सँडविच खाल्लं. बर्लिनला पोचलो तेव्हा रात्र झाली होती आणि पाय सुजले होते.

पाचवा दिवस : झाडांची शाळा

बर्लिनमध्ये बाउमशूलेनवेग नावाचं एस-बानचं, म्हणजे शहरातल्या लोकलचं, स्टेशन आहे. बाउम म्हणजे झाड, शूले म्हणजे शाळा. नर्सरीला जर्मनमध्ये झाडांची शाळा म्हणतात, आणि हा तिच्याकडे जाणारा रस्ता. श्पेट घराण्याची ही रोपवाटिका १७२० पासूनची. १८७९ मध्ये फ्रान्झ श्पेटने घराभोवती देशोदेशीची झाडं लावून एक बाग केली, ती आता हुम्बोल्ट विद्यापीठाकडे आहे. शाळेत जसे परगावचे विद्यार्थी, तशी ही परदेशची झाडं. आणि परदेशच्या झाडाला नाव द्यायची वेळ आली की जर्मन माणूस एकदम खुलतो.

धुरासारखे पिसारे येणारं पेर्‍युकेनश्ट्राउख, म्हणजे केसांच्या टोपाचं झुडूप. मोठ्या पांढऱ्या पानांसारखं काहीतरी फुलाभोवती लोंबतं म्हणून ताशेनटूखबाउम, हातरुमालांचं झाड. आंबट फळांचं एसिशबाउम, व्हिनेगरचं झाड. पिवळ्या घोसांचा गोल्डरेगेन, सोन्याचा पाऊस. तो दिसायला थेट आपल्या बहाव्याचा धाकटा भाऊ, पण विषारी. बहाव्याला जर्मन लोक भारतीय गोल्डरेगेन म्हणतात. श्नेबाल म्हणजे बर्फाचा गोळा. या नावांना कोश लागत नाही. माझ्या वहीत यांतलं एकही नव्हतं, आणि असतं तरी 'एक झाड' लिहून भागलं नसतं.

एका वळणावर मी थांबले. वास येत होता. गुऱ्हाळाचा. काकवी उकळताना, आता गूळ होणार अशा क्षणी सुटतो तो. इथे कुठलं गुऱ्हाळ? भाचीलाही आला, तिला तो कॅरॅमलचा वाटला. दोघी नाकाने शोधत गेलो तर एका झाडाखालचा पाचोळा, गोलसर, पिवळी-गुलाबी पानं. ओंजळभर उचलून नाकाशी नेली. वास झाडावरच्या पानाला नाही, पडून सुकत आलेल्या पानालाच. जपानचं कात्सुरा, आणि जर्मनमध्ये लेबकूखेनबाउम. लेबकूखेन म्हणजे नाताळातला मध-मसाल्याचा केक. ज्याला जो गोडाचा पदार्थ माहीत, त्याच्या नाकात तोच. हे झाड खानदेशात किंवा कोल्हापुरात असतं तर त्याला काय म्हटलं असतं, हे सांगायला नको.

बाहेर पडल्यावर रस्त्याकडेला भिंतीच्या फटीतून उगवलेलं एक दांडगट रोप दिसलं. ग्योटरबाउम, देवांचा वृक्ष. नाव भारदस्त, पण बर्लिनची माणसं वैतागली आहेत त्याला, कुठल्याही भेगेत उगवतं. आपल्या महारुखाचं हे सख्खं चिनी भावंड. कोपऱ्यावर शाइनआकात्सिए, खोटी बाभूळ. तिचं दुसरं नाव रोबिनिए, पॅरिसच्या जाँ रोबँ या माळ्यावरून. मूळची उत्तर अमेरिकेची. दुकानातला 'बाभळीचा मध' हा या खोट्या बाभळीचा असतो. आणि अक्रोड? वालनुस, म्हणजे वेल्शे नुस : फ्रान्स-इटलीकडच्या परक्यांचं फळ. विलायती चिंचेची मावसबहीण.

सहावा दिवस : लिंडनच्या खाली

शेवटचा दिवस बर्लिनच्या सगळ्यात प्रसिद्ध रस्त्याला दिला, कारण त्याचं नावच 'उंटर डेन लिंडन'. १६४७ मध्ये ब्रांडेनबुर्गचा सत्ताधीश फ्रीडरिश विल्हेल्म याने आपल्या वाड्यापासून शिकारीच्या रानापर्यंत लिंडे आणि अक्रोड लावून घेतले. अक्रोड गेले, लिंडे राहिल्या, नावात तरी. खरी झाडं कितीदा बदलली. १९३० च्या दशकात जमिनीखालून रेल्वे न्यायची म्हणून जुनी तोडली, मग महायुद्ध झालं, मग पुन्हा लावली. आत्ताच्या लिंडे माझ्याहून फार मोठ्या नसतील. पान उलटं करून बघायला गेले तर एक पर्यटक माझ्याकडे बघून स्वतःही पान उलटं करून बघायला लागला. त्याला काय सापडलं माहीत नाही.

बर्लिनच्या रस्त्यांवर चार लाखांहून जास्त झाडं आहेत आणि प्रत्येकाच्या खोडाला नंबराची बारीक पट्टी. नंबर असतो, नाव नसतं. एका आडरस्त्यावर लष्करी गणवेशासारखी ठिपक्यांची साल सुटत असलेलं झाड होतं. मला ते प्लाटाने वाटत होतं, तरी खात्रीसाठी सायकलला कुलूप लावणाऱ्या एका पोराला विचारलं. त्याने झाडाकडे असं पाहिलं जणू ते आत्ताच तिथे आलं आहे.

"माहीत नाही बुवा. लिंडे असेल?"

वाईट अंदाज नव्हता. इथल्या रस्त्यांवरच्या झाडांत साधारण तिसरं झाड लिंडेच असतं.

रात्री बॅग भरताना खिसे रिकामे केले. झाडांचं बी विमानातून न्यायचं नाही, भाचीने बजावलं होतं. टेबलावर दोन आइशेल, म्हणजे ओकची फळं, निघाले, एक देठवाला, एक बिनदेठाचा, बूखेच्या तिधारी बिया, एक सुकलेलं गुलाबी टोपडं आणि एक रोसकास्तानिए, जी मी मुद्दाम ठेवली होती. भाचीने सगळं तिच्या कपात भरलं आणि खिडकीत ठेवलं.

पुण्याला परतून पंधरा दिवस झाले असतील. सकाळी मी चहा गाळत होते आणि भाचीचा फोन आला. तिकडे अजून अंधार असणार. ती बसथांब्यावर उभी होती, मागे गाड्यांचे आवाज.

"मावशी, थांब्यामागे झाड आहे ना, तीन वर्षं त्याच्याखाली उभी राहते मी. मोबाइलच्या उजेडात पान बघितलं. दाते आहेत. घड्या आहेत. हाइनबूखे."

"मोठ्या दात्यांवर बारके दाते आहेत का?"

"थांब, बघते... बस आली, बस आली, ठेवते!"